आरतीतून उठलेली माणसं

चि. सृष्टी,

परवा सास्तूरला तू पुढं होऊन तुझ्या कॉलेजच्या पोरापोरींसंगं गणपतीची आरती म्हणलीस. आरती चालू असताना कुणी उठत न्हाय. तरी आमी म्हातारी माणसं एकेक करून बाहेर गेलो. पैला म्याच उठलो.

घरी आल्यावर तू विचारलंस, "आजोबा, लई बेसूर झालं का?"

म्या व्हय म्हणलो.

पोरी, भूकंपाच्या साली विसर्जनाला तुझ्या आत्यानं हीच आरती म्हणली होती. दुसऱ्या पहाटे गाव पडलं. ती ढिगाऱ्यातून निघाली, तेव्हा अंगात जीव नव्हता. तुझा गळा अगदी तिचाच हाय.

काल तुझी आई म्हणाली, तू गाणं सोडलंस. ऐकून मला बरं वाटलं. हे वाचलंस तर तू परत गाशील, म्हणून हे पत्र तुझ्या हातात देता येत न्हाय.

तुझा आजोबा,
ज्ञानोबा