गाडी खाली झाल्याशिवाय

प्रिय पियू,

प्रिय प्रियदर्शिनी असं लिहायला घेतलं होतं, पण दोनदा प्रिय आलं आणि माझं मलाच हसू फुटलं, म्हणून आपलं पियू. पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे बरे आहेत. आबाही बरे आहेत, पोटभर जेवतात. तुझी हैदराबादची नोकरी कायम झाली हे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत बघ. शेजारच्या वेणूबाईला इतक्यांदा सांगितलं की ती म्हणाली, शकूबाई, आता पुरे, न्हाईतर मीच जाते पोरीच्या जागी. लोकांचं रक्त काचेखाली बघून माझी नात सांगते कुणाला काय झालंय, हे मी भाजीवाल्यालाही सांगितलं. त्यानं कोथिंबीर फुकट दिली. माझी शाळा म्हणशील तर चौथीत असताना म्हैस व्याली आणि शाळा सुटली, तेव्हा काना-मात्रा चुकला तर तूच लावून घे.

आज सांगायचं आहे ते मशीनचं. आपली कपड्याची मशीन, पुढं गोल काचेचं दार आहे ती. तू गेल्यावर आबांचं विसरणं फार वाढलं, जेवायलाही बसेनात. मला कधी ओळखतात, कधी विचारतात ही बाई कुणाची. तुझ्या पप्पांना ते हमालांच्या टोळीतले सदू मुकादम समजतात, आणि तुझे पप्पाही बिचारे मुकादम होतात, व्हय ज्ञानू, व्हय, म्हणतात. बापाला नावानं हाक मारायची म्हणजे काय होत असेल गं त्यांच्या जिवाला, पण मारतात.

एक दिवस मशीन चालू होती आणि आबा स्टूल ओढून तिच्यापुढं बसले. आत कपडे वर जातायत, खाली पडतायत, हे काचेला नाक लावून बघतायत. मी म्हटलं चला जेवायला, तर म्हणाले, गाडी अजून भरल्याली हाय. मला काही उमजेना. मग मशीनचं धुणं झालं, शेवटचं ते टिंगटिंग गाणं वाजलं, तशी हा माणूस उठला. खांद्यावरची फोलपटं झटकल्यासारखं केलं, हातपाय धुतले आणि पाटावर बसून म्हणाला, वाढ. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म गोण्या वाहिल्या त्यांनी. टोळीचा नेम होता, सगळ्या गोण्या उतरून गाडी खाली झाल्याशिवाय कुणी भाकरीचं फडकं सोडायचं नाही. एकानं आधी भाकरी सोडली तर त्याच्या वाटची गोणी दुसऱ्याच्या पाठीवर जाते. घर विसरलं, गाव विसरलं, बायको विसरली, पण हा नेम नाही विसरले. मला रडू आलं आणि हसूही आलं. म्हटलं चला, जेवायला तर बसतोय माणूस. त्या दिवसापासून तुझी आई मशीन सकाळची लावायची ती दुपारी लावायला लागली, आणि आबांचं जेवण सुरळीत झालं.

आणि मग ती मशीन बिघडली. आधी नुसती गडगडायची, माल भरलेला ट्रक खड्ड्यातून जावा तशी. वेणूबाई भिंत ठोकून विचारायची, घरात गिरणी काढली का गं? मग एक दिवस मधेच बंद पडली. आत पाणी, पाण्यात चादरी, दार उघडेना. आबा पुढं बसलेले. ताट नेलं तर ताटाकडं बघेनात. गाडी अर्धी हाय, म्हणाले, मागनं खातो. ते मागनं काही येईना. तुझ्या पप्पांनी मोबाईलवर ते टिंगटिंग गाणं शोधून वाजवलं, तर आबा त्यांच्यावरच खेकसले, हारन वाजवून गाडी खाली व्हती व्हय रं? आम्ही हसलो सगळे. पण दिवस मावळला तरी पोटात चहाच.

बोनकोड्याचा कुलदीप आला, तो दुरुस्तीवाला, सारखं च्युइंगम खाणारा. उघडून बघितली आणि म्हणाला, आजी, हिचं बेअरिंग गेलं, आतला ड्रमचा दांडापण झिजलाय, ही तुमच्यापेक्षा म्हातारी झाली. मी म्हटलं, मला अजून कुणी काढायला निघालं नाही, हिला कशी काढता? तो हसला, पण खरं सांगितलं त्यानं. पार्ट बाहेरून मागवावा लागेल, बसवला तरी किती दिवस ओढेल याची खात्री नाही, त्यापेक्षा नवीन घ्या.

तुझ्या आईला नवीन हवीच होती. वरून दार असलेली. यात तिचं काही चुकलं असं समजू नकोस. तिची कंबर तुला माहीत आहे, पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत सकाळच्या पाळीत उभं राहून पॅकिंग करते, दुपारी घरी येऊन त्या खालच्या दारापुढं वाकून ओल्या चादरी ओढते. आणि चादरी रोजच्या असतात आता. का असतात ते लिहीत नाही, तुला कळेल. वरच्या दाराची असली की वाकायचं काम नाही. पण तिला पुढं काच नसते गं. झाकण लावलं की आत काय चाललंय ते दिसत नाही. दुकानात जाऊन तुझे पप्पा बघून आले, काचेचं झाकण होतं म्हणे एकीला, पण ते आभाळाकडं. तिच्यात बघायला आबांना उभं राहावं लागेल, आणि ते दोन मिनिटं उभे राहत नाहीत.

मी भांडले नाही. मी फक्त म्हटलं, चादरी मी काढत जाईन. तुझी आई म्हणाली, तुमच्या गुडघ्यांनी खाली बसाल आई, उठवायला कोण येणार? कुकरची शिट्टी झाली, ती उठली आणि आतूनच म्हणाली, दुरुस्त करा, आबांच्या जेवणापुढं माझी कंबर मोठी नाही. पियू, ही तुझी आई. तिला मी कधी तोंडावर चांगलं म्हटलं नाही, सासवांना तशी खोडच असते. पण त्या दिवशी म्हणणार होते, आणि नुसत्या भाकऱ्या थापायला घेतल्या.

पार्ट यायला वेळ लागला. तोवर मोरीत हातानं धुणं. मी धोपटायची, पप्पा जासईच्या कंटेनर यार्डातून कामावरून आले की पिळायचे, वाळत घालायची तुझी आई. आबा रिकाम्या मशीनपुढं बसून राहायचे. बंद दारातून आत बघायचे आणि विचारायचे, सदू, गाडी कवा लागायची? नुसत्या चहा-दुधावर होते, अंगावर काही राहिलं नाही त्यांच्या. मनगटातलं कडं कोपरापर्यंत जायला लागलं तेव्हा मी ते काढून ठेवलं.

शेवटी पार्ट आला. कुलदीपनं मशीन बसवली, तुझ्या आईनं हळदकुंकू लावलं, वेणूबाईनं नारळ आणला. घरात दिवाळीच. कपडे टाकले, आबांना हाताला धरून स्टुलावर बसवलं, मशीन फिरायला लागली, आवाज नाही की काही नाही. तुझी आई नुसतं बघायला म्हणून वरणभाताचा घास घेऊन गेली. आबांनी तोंड उघडलं. दुसरा घास, तिसरा घास. सगळं ताट संपलं. तुझ्या पप्पांनी पेढे आणले, म्हणाले, आबा सुधारतायत. तुझी आई मागं वळून डोळे पुसत होती. वेणूबाई म्हणाली, मशीनला पाय असते तर पाया पडले असते. मीही हसले, मीही पेढा खाल्ला.

पण पियू, गाडी भरलेली होती. मशीन तर नुकतीच लावलेली, पाणीसुद्धा पुरतं भरलं नव्हतं, आणि त्यांनी भाकरी सोडली. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर रोज तसंच आहे. केव्हाही भरवा, खातात. काचेकडं बघत नाहीत, भिंतीकडं बघतात. गाडी म्हणत नाहीत, सदू म्हणत नाहीत, वाढ म्हणत नाहीत. आम्ही वाट बघत बसलो तेवढ्यात तो नेमही गेला, आणि त्याच्यासंगं माझा माणूस गेला. आता जे जेवतं त्याला मी जेवू घालते, ते मला जड नाही. दुपारी मशीन लागली की मी त्यांना स्टुलावर नेऊन बसवते, घरच्यांना शंका नको म्हणून. तुझे पप्पा इतके खूश आहेत की यार्डात सगळ्यांना सांगतात, आणि तुझी आई कंबरेला पट्टा बांधून वाकते आणि हसते. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू? एवढ्याशा घरात फोनवर बोललं तर सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून हे पत्र. मी घरात कुणापुढं रडत नाही, तूही फोनवर रडू नकोस. ती काच आता कुणाला लागत नाही, मग तुझ्या आईनं उगाच का वाकायचं? रविवारी आईला फोन कर आणि तुझ्या मनानंच म्हण, की तुझी कंबर मला बघवत नाही, वरच्या दाराची मशीन माझ्याकडून घे, आबांना होईल सवय. माझं नाव काढू नकोस. ती मला विचारायला येईल. मी थोडी कुरकुर करीन, तिला खरं वाटावं म्हणून, आणि मग हो म्हणेन.

तुझीच,
शकूआजी