मधल्याला काय झालं होतं

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि तिसऱ्या वाक्याला तो वहिनीच्या हातात देऊन मोकळा होतोस. मला हे शेवटपर्यंत सांगायचंय. तेव्हा चहा घे आणि निवांत बस. चष्मा डोक्यावर असेल, आधी तिथे बघ.

तुला माझं काम कधी धड कळलं नाही. लोकांना सांगतोस, "आमची धाकटी दवाखान्यात काचा पुसते." पुसत नाही रे, बघते. कुणाच्या तरी शरीरातला नखाएवढा तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचं. त्यापायी माझी मान कायमची आखडली आहे, त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.

मला सगळ्यात आवडतं ते चेतापेशी शोधणं. लोकांना वाटतं, त्या फक्त मेंदूत आणि कण्यात असतात. पण आपल्या आतड्याच्या भिंतीतही त्यांची मोठी वस्ती असते. आतडं कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं, खाल्लेलं पुढे कसं ढकलायचं, हे सगळं त्या आपल्याला न विचारता ठरवतात. पण नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात त्या ओळखायला अवघड. तान्ह्या बाळांत तर फारच, कारण त्यांच्या पेशी अजून इवल्याशा आणि कच्च्या असतात, शेजारणींसारख्याच दिसतात. म्हणून आता आम्ही नुसत्या रूपावर जात नाही. चेतापेशींत काही प्रथिनं अशी असतात, जी आजूबाजूच्या स्नायूंत नसतात. त्यातल्या एकाला कॅलरेटिनिन म्हणतात. त्यालाच नेमकं चिकटणारं द्रव्य कापावर सोडायचं आणि मागून रंग द्यायचा. जिथे ते प्रथिन असेल तिथे तपकिरी उमटतं, बाकी सगळं फिकट निळं राहतं. गर्दीत तोंडं न्याहाळत हिंडण्यापेक्षा नावाने हाक मारावी आणि ज्याची त्याने ओ द्यावी, तसं.

गेल्या आठवड्यात मधल्याच्या काचा अशाच रंगवून पाहिल्या. हो, आपल्या मधल्याच्या.

मी त्याला कधी बघितलं नाही, तो गेल्यानंतर मी आले. नाव ठेवायच्या आतच तो गेला, म्हणून आई त्याला 'मधला' म्हणायची, तेही क्वचित. बाबांच्या समोर तर नाहीच. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा मी तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. तो तुझ्यासारखाच कपाळाला आठ्या घालून झोपायचा म्हणे. घरी आणला तेव्हा दूध ओढत होता, पण शी म्हणून होत नव्हती. मग पोट ढोलासारखं फुगलं, हिरवी उलटी झाली, आणि बाबा त्याला दुपट्यात गुंडाळून धावत दवाखान्यात घेऊन गेले. सर्जनने पोट उघडलं, पण पोर वाचलं नाही. आतड्यात अडथळा होता, एवढंच सांगितलं गेलं. अडथळा कसला, ते कुणालाच नीट कळलं नाही. आणि बाबा रिकाम्या हातांनी परत आले, तेव्हा आत्या दारातच सगळ्यांदेखत म्हणाली, "कुणी काय भरवलं होतं त्याला?" आई म्हणाली, "त्याचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि तो प्रश्न काही घरातून गेला नाही." ती स्वतः जन्मभर आपल्याच जेवणावर संशय घेत राहिली. मी तेव्हा नुसता तिच्या केसांवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

ते ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात झालं होतं. मेणातले तुकडे आमच्याकडे टाकून देत नाहीत, तळघरातल्या लोखंडी कपाटांत वर्षानुवर्षं पडून असतात. मी आमच्या मोठ्या मॅडमना विचारलं. त्या बोलायला फणसासारख्या आहेत. म्हणाल्या, "रीतसर परवानगी काढ. आणि काचा आधी मी बघणार, तू नाही. आपल्या माणसाची काच बघताना डोळे थापा मारतात." आमच्या तळघरात एकदा पाणी शिरलं होतं, त्यामुळे मी फारशी आशा धरली नव्हती. पण मधला होता. त्या सर्जनने शहाणपणा करून दोन तुकडे काढून ठेवले होते: एक आतड्याच्या वरच्या, फुगलेल्या भागातला, आणि एक खालच्या, आवळलेल्या भागातला. त्या वेळी आमच्याकडे हे प्रथिनांचे रंग नव्हते. चेतापेशी आहेत की नाहीत ते खात्रीने सांगता येत नाही, असं म्हणून कुणीतरी हात टेकले होते.

मॅडमनी आधी खालच्या तुकड्याची काच पाहिली. सगळं फिकट निळं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपकिरी काहीच नाही.

आता तू गणिताचा मास्तर, सिद्धतेशिवाय ऐकणार नाहीस. म्हणशील, "इतक्या वर्षांच्या जुन्या तुकड्यात प्रथिनच उरलं नसेल, मग उमटणार काय?" मीही मॅडमना हेच म्हटलं. त्यांनी दुसरी काच लावली. वरच्या तुकड्याचा कापही त्याच दिवशी, त्याच द्रव्याने रंगवला होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला, मग खुर्चीवरून उठल्या आणि मला बसवलं. दादा, स्नायूंच्या दोन थरांमध्ये झुपकेच्या झुपके होते, तपकिरी, टवटवीत, काल रंगवलेल्या कुठल्याही बाळासारखे. म्हणजे प्रथिन शाबूत होतं. खाली दिसलं नाही, कारण खाली चेतापेशी नव्हत्याच. मी रडायला लागले, तर मॅडमनी रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, "काचेवर पाडू नकोस, दुसरी नाही आपल्याकडे." मग त्यांनी स्वतःचेही डोळे टिपले. पुढे त्यांनी त्या काचा दुसऱ्या गावातल्या एका डॉक्टरांना, कुणाच्या ते न सांगता, दाखवल्या. त्यांचंही मत तेच पडलं.

आता याचा अर्थ सांगते. बाळ पोटात असताना या पेशी वरून खाली, आतड्याच्या कडेने सरकत जातात आणि शेवटपर्यंत पोचतात. क्वचित एखाद्या बाळात त्या वाटेतच थांबतात. ज्या भागात पोचत नाहीत, तो भाग मुठीसारखा आवळलेला राहतो आणि वरचं सगळं तुंबतं. यात आईच्या जेवणाचा दोष नाही, आणि कुणी काही भरवल्याचाही नाही. तो जन्मला तेव्हाच ते तसं होतं, त्याच्याही कितीतरी महिने आधीपासून होतं. त्याला नुसतं दूध मिळालं असतं तरी हेच झालं असतं. साखरेचं बोट चाटवलं असतं तरी हेच.

हो, साखरेचं मला माहीत आहे. वहिनीवर रागावू नकोस. तुझी लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आली, तिने नात तुझ्यापुढे धरली, आणि तू हात मागे घेऊन म्हणालास, "नको, माझ्या हातांना खडू लागलाय." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, कुठला खडू रे? त्या दिवशी वहिनीने तुला सोडलं नाही, म्हणून तू बोललास: सहा वर्षांचा होतास, बाळ रडत होतं, आई अंघोळीला गेली होती, आणि तू साखरेच्या डब्यात बोट बुडवून त्याच्या तोंडात दिलंस. त्यानंतर आत्याचा तो प्रश्न. वहिनीने मला फोनवर हे सांगितलं, त्याच दुपारी मी मॅडमपुढे जाऊन उभी राहिले. अरे, रडणाऱ्या भावाला गप्प करायला कुणीतरी गोड बोट दिलं. त्याच्या एवढ्याशा आयुष्यात दुधाखेरीज त्याला काही गोड मिळालं असेल तर ते तुझ्याकडून. नातीची काळजी करू नकोस, मधल्याचं सगळं मी तिच्या डॉक्टरांना कळवलंय. त्यांनी तिला नीट तपासलं, ती अगदी चोख आहे. वहिनी तर म्हणते, दोरीवर लंगोट वाळत घालायला जागा उरत नाही. रविवारी तिचा बाप तिला न्यायला येतोय. त्याआधी तिला घे. एक हात मानेखाली, दुसरा बुडाखाली. ती रडेल, रडू दे. पण लगेच परत देऊ नकोस.

तुझीच,
शेंडेफळ