धुतलेल्या मातीतली मेथी

ती. आईस,
तुझ्या शेंडेफळाचा मातकट हातांनी नमस्कार.

आई, मेथी उगवली. केस गळतात म्हणून तू पाठवलेल्या मेथीतली मूठभर मी इथे कुंडीत पेरली होती.

इथल्या जुन्या टाकीखालची माती डिझेल झिरपून काळी पडली आहे. ती आम्ही साबणासारख्या द्रावणाने धुतो. भांड्याचा ओशटपणा सुटावा तसं तेल मातीला सोडून पाण्यावर येतं. मागच्या खेपेला उत्साहाच्या भरात द्रावण इतकं ओतलं की तेल गेलं, पण मातीत साबणच उरला आणि एक दाणा रुजला नाही. साहेब म्हणाले, आता एकदाच बघू, नाहीतर गाशा गुंडाळा.

या वेळी द्रावण बेताचं घातलं आणि माती साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून घेतली, मगच कुंडीत भरून तुझी मेथी पेरली. आज साहेबच दिसेल त्याला हाताला धरून कुंडी दाखवत होते.

हातांची सालं निघत होती, आता बरं आहे. बाबांचा चष्मा झाला का?

सगळे म्हणतात, मातीचा डिझेलचा वास गेला. मला महिनाभर कसलाच वास येत नाही, सर्दी असेल. थोडी माती पुडीत बांधून ठेवली आहे. तू आलीस की हुंगून सांग.

तुझीच,
धाकटी