खलनायकाच्या तोंडी आप्पा

सोमवार, ३ फेब्रुवारी

कुणा मराठीच्या प्राध्यापक बाईंनी मी लिहिलेल्या सिनेमातल्या खलनायकावर अख्खा व्हिडिओ केलाय. सिनेमा लागून तीन आठवडे झाले, त्याचा गोदामातला संवाद पोरं रिक्षांच्या मागे लिहितायत. पण असा सोलून कुणी दाखवला नव्हता. 'तुमचे हात माझे. तुमची पाठ माझी. तुमची भूक? तीसुद्धा माझीच!' बाई म्हणाल्या, एकच शब्द पुन्हा पुन्हा, पायरीपायरीने वर चढत — हा सार अलंकार. मग प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच द्यायचं. जुन्या वक्त्यांची हत्यारं, म्हणे. लेखिकेचा अभ्यास दिसतो!

कसला अभ्यास? एका बैठकीत लिहिला तो सीन. कानात कुणीतरी बोलत होतं, मी उतरवत गेले.

कोण ते आज कळलं. आप्पा!

हमालांचे पुढारी होते ते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकच्या फाळक्यावर चढून त्यांच्यापुढे बोलायचे. मी सात वर्षांची, खाली उभी. 'हात आपले. पाठ आपली. आन् भूक? तीबी आपलीच!'

मी फक्त 'आपले'चं 'माझे' केलं. माझ्या बापाला मी खलनायक केलं!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आप्पांना सांगणार नाही. ते कुठे सिनेमा बघतात!

शनिवार, ८ फेब्रुवारी

बघितला!! संघमित्राताई त्यांना सीवूड्सच्या मॉलमध्ये घेऊन गेली. 'धाकटीचा सिनेमा, आप्पांना दाखवायला नको?' तिला काय माहीत.

संध्याकाळी कामोठ्याला घरी आले ते खुर्चीत बसून राहिले. चहा निवला.

'आप्पा, चुकून झालं. मुद्दाम नाही —'

'लोकं टाळ्या वाजवत व्हती,' ते म्हणाले. 'त्याला.'

'तो तुम्ही नाही, आप्पा.'

'मीच हाय. बरोबर वळखलंस तू, दीक्षा.'

मग हळूहळू बोलायला लागले. अठ्ठ्याण्णवचा हमालांचा संप. बाजाराच्या गेटवर भाषण. 'म्या इचारलं, उद्या पयला ट्रक कोन अडवनार? आन् म्याच सांगितलं — बाबासो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंग त्यो कसा नाय म्हननार?'

बाबासोकाका! त्यांच्या जिवाभावाचे मित्र. त्या संपात ट्रकखाली गेले, अपघात झाला, एवढंच आम्हाला आजवर माहीत.

'त्याला कायतरी बोलायचं व्हतं गं,' आप्पा म्हणाले. 'तोंड उघडलं व्हतं त्यानं.'

सत्तावीस वर्षं हे पोटात घेऊन जेवले, झोपले, आम्हाला शाळेत सोडलं! आणि मी तीन आठवडे त्याच संवादासाठी पाठ थोपटून घेत होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

आप्पा सकाळी न सांगता निघून गेले. अकराला सुंदराबाईंचा फोन — बाबासोकाकांच्या बायकोचा. घाबरल्या होत्या. 'तुझे आप्पा आलेत गं. तासभर झाला, नुसते बसून आहेत. तोंडातून शब्द नाही. असं कधी बघितलं नाही त्यांना. काय झालंय?'

मी म्हटलं, 'काकू, तुम्ही बोला. ते ऐकायला आलेत.'