तुमच्या जागी आबांचं नाव

दादा, परवा तुमचं नाव दगडावर घालायची संधी आपल्या पायांनी घरी आली होती. चहा पिऊन परत गेली. मी तिला फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो.

तुमच्याबरोबर त्या दिवशी कोळशाच्या खाणीत उतरलेल्यांमध्ये आपल्या बाजूची बरीच माणसं होती, हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या बंद खाणीत साठलेलं पाणी भिंत फोडून आत शिरलं आणि कुणीच वर आलं नाही. आता त्यांच्या नातवंडांनी श्रीगोंद्यात एक दगड उभा करायचं ठरवलंय, त्यावर या सगळ्यांची नावं. तिथल्या कॉलेजात शिकवणारी एक मुलगी त्यासाठी गावोगाव फिरते. तिचे आजोबा तुमच्याच पाळीत होते. काष्टीला माझ्या घरी आली, पिशवीतून टाईप केलेली यादी काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "काका, वडिलांचं नाव नीट बघून घ्या. एकदा कोरलं की दुरुस्ती नाही." बाप म्हणून तिथे तुमचं नाही, आबांचं नाव होतं. मी चष्मा पुसला, नाव पुन्हा वाचल्यासारखं केलं आणि शेजारी सही ठोकली. जाताना म्हणाली, "पाथरवट सोमवारी काम सुरू करणार. तोपर्यंत काही आठवलं तर फोन करा." आज रविवार आहे.

तुमच्या थोरल्या भावाला, आबांना, खाणीत नोकरी लागली होती. पण खालच्या अंधारात त्यांचा जीव गुदमरायचा. सहा महिन्यांत ते गावी आले ते परत जायचं नाव घेईनात. लागलेली नोकरी सोडायची कशी, म्हणून त्यांच्या कागदांवर तुम्ही गेलात. तेव्हा हे सर्रास चालायचं. कागदाला फोटो नसायचा आणि मुकादमाला हजेरीपुरता माणूस हवा असायचा, तो कुणाचा कोण याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तुम्ही तिकडे आबा झालात आणि खरे आबा इकडे दुसऱ्याच्या उसाला पाणी देत राहिले. तिकडच्या रजिस्टरात बायको म्हणून तुम्ही आईचं नाव सांगितलंत, मुलगा म्हणून माझं. यात आपण काही मोठी लबाडी करतोय असं तुम्हाला वाटलं नसावं. भावाचंच तर नाव होतं.

चौथीची परीक्षा झाल्यावर सुट्टीत तुम्ही मला तिकडे नेलंत. दौंडला गाडीत बसलो ते दोन रात्री प्रवासच. तो मुलूख भाताचा, म्हणून घरून ज्वारीच्या पिठाची गोणी बरोबर. ती खोली मला अजून दिसते. कोपऱ्यात कोळशाची शेगडी रसरसलेली, तुम्ही पाळीवरून येता, अंघोळ करता, तरी डोळ्यांच्या कडा काजळ घातल्यासारख्या काळ्याच राहतात. मग परातीत पीठ घेऊन बसता. तुमची भाकरी आईच्या भाकरीपेक्षा पातळ व्हायची. हे मी घरी सांगितल्यावर आई चार दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

त्या सुट्टीत एकदा मी तुमचा डबा घेऊन खाणीच्या तोंडाशी आलो. तिथल्या बाबूने विचारलं, "किसका लडका है रे तू?" आणि मी छाती काढून तुमचं खरं नाव सांगितलं, आडनावासकट. तुम्ही मागेच उभे होता. उभ्या आयुष्यात तुम्ही मला एकदाच मारलंत, ती ही थप्पड. बाबू हसला, त्याला काही कळलं नव्हतं. खोलीवर आल्यावर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "हितं माजं नाव घ्यायचं न्हाई. हितं मी आबा हाय. कुनी कितीबी खोदून इचारलं तरी न्हाई." मी रडत होतो म्हणून संध्याकाळी बाजारात नेऊन मला पाचवीसाठी कंपासपेटी घेतलीत. मग खोलीत बसून झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने माझं पूर्ण नाव कोरलंत, मध्ये तुमचं. अक्षर गिचमीड, पण प्रत्येक रेघ दाबून काढलेली. "ही घरी गेल्यावर उघडायची," म्हणालात. ती पेटी गंजली, तरी कपाटात आहे. माझ्या नावाला लागून तुमचं नाव आता तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

पुढच्याच वर्षी तार आली. बाजारचा दिवस होता, आबा ओट्यावर बसले होते आणि पोस्टमनने ती त्यांच्याच हातात दिली. आबांना वाचता येत नव्हतं. मी वाचली. खाणीतल्या अपघातात आबा वारले, असं तीत होतं. मी वर बघितलं तर आबा जिवंत समोर बसलेले. क्षणभर, दादा, मला हायसं वाटलं. वाटलं, तारेत चूक झाली, कुणीच गेलेलं नाही. आबांच्या हातातली तंबाखू खाली सांडली तेव्हा मला कळलं.

आई आणि आबा तिकडे गेले. काही दिवसांनी पाणी उपसून माणसं बाहेर काढली, ती चेहऱ्यावरून ओळखू येण्यासारखी नव्हती. पट्ट्याला अडकवलेल्या दिव्याच्या नंबरावरून नावं लावली गेली. आईने तुम्हाला भाकरी भाजताना चटका बसलेल्या बोटावरून ओळखलं. आणि मग साहेबासमोर तिला सांगावं लागलं की हा माझा नवरा, आणि त्याचं नाव अमुक. नाव थोरल्या दिराचं, ज्यांच्यासमोर ती कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. आणि तो दीर जिवंत दाराबाहेर उभा, कागदावर मात्र आपल्याच भावजयीचा मेलेला नवरा. तिने आयुष्यात तुमचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. नवऱ्याचं नाव म्हणून तिने पहिल्यांदा घेतलं ते दुसऱ्याचं. परत आल्यावर मला जवळ घेऊन म्हणाली, "त्येंचं नाव मी कदी घेतलं न्हाई. आता तूबी घेऊ नगंस." आठवड्याने आबांनी मला शाळेत नेलं आणि दाखल्यावरचं बापाचं नाव बदलून घेतलं, मोठा झाल्यावर तुमच्या जागी मला नोकरी मिळावी म्हणून. मूलबाळ नसलेल्या आबांना असा मुलगा मिळाला. गंमत म्हणजे मतदार यादीत ते जिवंतच राहिले, आणि तिकडे मेलेला हा माणूस इकडे दर निवडणुकीला सगळ्यांच्या आधी जाऊन मत देऊन यायचा.

मला नोकरी मिळाली. खाली नाही उतरवलं, वर दिव्यांच्या खोलीत ठेवलं. खाली जाणाऱ्याचा नंबराचा बिल्ला घ्यायचा, खिळ्याला लावायचा, त्याला दिवा द्यायचा. वर आला की दिवा घ्यायचा, बिल्ला परत करायचा. पाळी संपल्यावर खिळ्याला एखादा बिल्ला राहिला तर तो माणूस अजून खालीच आहे. सगळी नोकरी मी हेच केलं, आणि माणसांच्या बाबतीत माझ्या हातून कधी चूक झाली नाही. सहीत मात्र रोज आबांचं नाव. पहिल्या वर्षी हात अडखळायचा. नंतर अडखळेनासा झाला, आणि ते अडखळणं कधी थांबलं हे मला आठवत नाही, याची मला जास्त लाज वाटते.

आबा गेले तेव्हा मी रजा काढून आलो होतो. शेवटच्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "मी जित्ता हुतो तवा मला मेल्याला लिवलं. आता मी खरंच चाललोय. आता तरी तुज्या बापाचं नाव लिव. त्यो माज्या जागी गेला रं." मी हो म्हणालो. मरणाऱ्याला हो म्हणायला काय लागतं!

परवा ती मुलगी यादी घेऊन बसली तेव्हा कंपासपेटी आतल्या खोलीत होती. दहा पावलं. मनात चार वेळा उठलो. मग स्वतःला सांगितलं की पेन्शनचं काय होईल, मुलाला काय सांगू, त्याला तर आबाच त्याचे आजोबा म्हणून ठाऊक आहेत. ही सगळी निमित्तं, दादा. खरं एवढंच, की या वयात बाप बदलायची मला लाज वाटली. लोक म्हणतील, खोट्या बापाचं नाव लावून जन्मभर खाल्लं. आणि त्यात खोटं काय आहे? तुम्ही भावाचं नाव घेतलंत ते त्याच्यासाठी आणि आमच्यासाठी अंधारात उतरायला. मी तेच नाव घेतलं ते उजेडात बसायला.

तिचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. सकाळपासून तीनदा मोबाईल हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. मग म्हटलं आधी तुम्हाला लिहू, म्हणजे फोनवर बोलायला धीर येईल. आता उन्हं उतरली. पेटी समोर उघडी आहे, पत्राची घडी करून तिच्यात ठेवीन. बाकी कुठे पाठवणार?

ठेवण्याआधी सगळं एकदा वाचून काढलं. वर, सुरुवातीला, तुमचं पूर्ण नाव लिहायचं असं ठरवून बसलो होतो. पहिलं अक्षर काढलंही होतं. मग दाराकडे बघितलं, कुणी येत तर नाही ना. ते खोडलं आणि नुसतं दादा लिहिलं.