घसरगुंडीखालची वाळू

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय,

सकाळी बागेत जाऊन तिथूनच दुकानात गेले. दिवसभर चष्म्याची भिंगं घासली. एक चिरलं, मालकांनी दुसरं दिलं. टाकी धुऊन गेलेत, त्यामुळे नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतोय. बाकी विशेष नाही.

फोनवर आपण दोघंही ‘जेवलास का, जेवलीस का’च्या पुढे सरकत नाही, म्हणून लिहितेय. बंदरावरच्या खोलीत थंडी वाजते का, हे विचारायचं दर वेळी राहून जातं. तुझं जाड पांघरूण इथेच राहिलंय. मी ते पलंगावर तुझ्या बाजूलाच ठेवते.

तू बदली घेऊन गेल्यावर मी नगरपालिकेत खेटे घातले. इंजिनियर तसा बरा माणूस. म्हणाला, ताई, घसरगुंडीखाली सिमेंट तुम्ही पालकांनीच मागितलं होतं, पोरं घरभर चिखल आणतात म्हणून. खोटं नव्हतं ते. शेवटी सिमेंट फोडून वाळू टाकायचं ठरलं. तुला सांगितलं तर तू म्हणालास, आता वाळू टाकून काय उपयोग. त्यावर मी ‘जेवलास का’ विचारलं.

वाळू भरपूर टाकलीय, पाय घोट्याच्या वर रुततो. पण पोरांच्या पायांनी ती दबून पुन्हा घट्ट होते, म्हणून मी रोज उकरून मोकळी करते. पहिल्या दिवशी माळीकाकांनी विचारलं, काय बाई, काही हरवलंय का? मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं दाताळं आणून दिलं. वर म्हणाले, खुरप्यानं उकरत बसलात तर दुकानात म्हातारपणीच पोचाल. पोरं मला वाळूमावशी म्हणतात. सुरुवातीला बरं वाटायचं नाही, आता वाटतं.

उकरताना आपला भोपळ्या डोळ्यांसमोर असतो. नाव तूच ठेवलंस, एकही टोपी त्याला बसायची नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले होते, तीन वर्षांच्या मुलाचं डोकंच जड असतं, म्हणून मूल वरून पडलं की डोक्यावरच येतं. आणखीही एक गोष्ट ते म्हणाले होते. तू समोरच्या खुर्चीत होतास, पण तुझ्यापर्यंत ते पोचलं नसावं. म्हणाले, अशा वेळी शेजारी उभ्या माणसाचाही हात वेळेत पोचत नाही. त्या दिवसापासून तू उजवा हात खिशात ठेवून चालायला लागलास. मी बघत होते. मला बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे.

आज सकाळी वाळू उकरून बाजूला झाले आणि एक मुलगी शिडीच्या टोकावरून मागच्या मागे गेली. भोपळ्याएवढीच. आजी शिडीला खेटून उभी होती. तिनं हात टाकला, तो हवेतच राहिला. पोरगी डोक्यावर वाळूत आली. मला दाताळं सोडवेना. मग ती रडली, वाळू थुंकत, चांगली मोठ्यानं. आजी तिचे केस झटकत म्हणाली, “उगी गं, काही झालं नाही.” मी मागे लागून त्यांना दवाखान्यात पाठवलं. पोरगी ठणठणीत आहे, असं संध्याकाळी माळीकाकांनी सांगितलं. त्या आजीचा हात मी पाहिला रे. तुझा होता तेवढाच जवळ होता. हे तुला सांगायचं होतं, म्हणून लिहिलं. दुसऱ्या कुणाला सांगून ते कळणार नाही. आणि फोनवर विचारवत नाही, ते इथे विचारते. घरी कधी येतोस? आता उठते. दोरीवरचे कपडे वाळलेत, काढून घड्या घालते.

तुझीच