सातशे फूट खडी

५ एप्रिल १९५४, मुलुंड

मालन हसली! आमचा रस्ता बघून चक्क हसली. डोकीवरचं खडीचं घमेलं फाटकाशी उतरवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ह्यो रस्तो नाय बाय, ह्यो व्हाळ आसा!" व्हाळ म्हणजे ओढा. मला राग यायला हवा होता. आला नाही. खरंच तर आहे!

स्टेशनरोडपासून दादाच्या सूतिकागृहाच्या पायरीपर्यंत सातशे फूट चढ. गेल्या वर्षी कंत्राटदाराने दोन लॉऱ्या नदीतले गोटे ओतले, वर मुरूम पसरला आणि गेला. जुलैत सगळं वाहून खाली. ऑगस्टमध्ये त्या भांडुपच्या बाईला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं — दादाची मोटर अर्ध्या वाटेत रुतली ती रुतली. बाई वाचली. मूल नाही. 

मालन खाणीवर खडी फोडते. आज नुसती खडी पोचवायला आली होती.

७ एप्रिल

दादाला म्हटलं, रस्ता मालनला करू दे. "खडी फोडणारी बाई रस्ता करणार? आणि तुला काय कळतं गं त्यातलं?"

काहीच कळत नाही. पण काल ती न बोलावता परत आली होती. चढाच्या माथ्यावर कळशीभर पाणी ओतलं आणि त्या पाण्याच्या मागोमाग चालत गेली. पाणी वळलं की ही वळायची, थांबलं की थांबायची. उकिडवी बसून बोटाने माती उकरून बघायची. कंत्राटदार मोटरीतून खालीसुद्धा उतरला नव्हता! हे दादाला ऐकवलं.  मग — "बरं. बघू."

१२ एप्रिल, सोमवार

काम सुरू. मालन आणि तिच्याबरोबरच्या तिघी. पहिल्या दिवशी काय केलं? रस्त्याला हातच लावला नाही! दोन्ही कडांना चर खणायला घेतले. मी विचारलं, मग रस्ता कधी?

"आधी पाण्याक वाट दिवया बाय, मगे माणसांक."

१९ एप्रिल

जुने गोटे सगळे उचलून काढले. मला वाटलं, चांगले दगड फुकट चाललेत. मालनने दोन गोटे माझ्या हातात ठेवले — एकावर एक रचून दाखवा म्हणाली. घसरले. मग फोडलेल्या खडीचे दोन तुकडे दिले. बसले!

"गोटो गोट्याक धरणा नाय. कोन असलेली खडी एकामेकीक धरता."

मॅट्रिकला मला भूमितीत पासष्ट होते. हे कुणी शिकवलं नाही.

२७ एप्रिल

मालन मापं घेते ती सुतळीने. गाठी मारून ठेवलेल्या. मी कपाटातला कापडाचा टेप काढला आणि लिहायला बसले. चराची खोली दीड फूट. रस्त्याची रुंदी अकरा. मधला भाग कडेपेक्षा चार इंच उंच, म्हणजे पाणी दोन्हीकडे उतरतं. मालन सांगते, मी लिहिते. दुपारी पेशंटांची पेज उकळून उतू गेली! लक्षच नव्हतं.

तिला विचारलं, कुठे शिकलीस? लढाईच्या दिवसांत लष्कराच्या छावणीचे रस्ते चालले होते, तिथे नवऱ्याबरोबर घमेली उचलायला होती. नवरा लवू, गिरणी सुटली म्हणून या कामाला आलेला. तिथल्या मुकादमाकडे बघून बघून शिकली. त्याने कधी एक शब्द सांगितला नाही, पण डोळे झाकायला थोडेच लावले होते! लवू टायफॉइडने गेला. ही पुन्हा खाणीवर.

दहा वर्षं ही बाई डोक्यात रस्ता घेऊन खडी फोडत बसली होती. मला कसंतरीच झालं.

१० मे

आज धुम्मस धरला. लाकडी दांड्याचा, खाली लोखंडी. उचलायचा आणि खडीवर सोडायचा. मालन दिवसभर करते, गप्पा मारत. मी चाळीस वेळा केलं आणि दोन्ही तळहातांना फोड. दादा वरून बघत होता. "उत्तरा, शोभतं का हे?"

शोभतं की नाही, ठाऊक नाही. झोप झकास लागेल.

२ जून

पुरा झाला! खाली मोठी खडी, वर बारीक, फटींतून मुरूम, पाणी मारून मारून घट्ट केलेला. मध्यावर आडवी मोरी — रस्त्याखालून दगडी, डोंगराकडचं पाणी पलीकडे काढणारी. टांगेवाला पहिल्यांदा न कुरकुरता दारापर्यंत आला. दादाने मोटर वरखाली तीन वेळा नेली. तीन वेळा!

मालन म्हणते, केला म्हणजे झाला असं नाही. चाकं खडी कडेला फेकतात, ती फावड्याने रोज मध्ये ओढायची. "केसां कशी रोज विंचरतास? तसां." खाणीवर जाण्याआधी सकाळी येते. मीही असते. वॉर्डात कामाला असलेल्या काशीरामलाही आता जोडीला घेतलंय.

२० जून

चर भरून वाहतायत. रस्ता जागच्या जागी!!

१४ जुलै

आजचं आजच लिहिते. 

तीन दिवस झड. सकाळी दहाला विक्रोळीकडच्या चाळीतली सुगंधा नावाची बाई बाळंत झाली. मुलगी चांगली, पण आईचं रक्त थांबेना. दादा म्हणाला, रक्त द्यायला हवं, इथे होणार नाही, आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात. "उत्तरा, खाली जाऊन रस्ता बघ. पळ!"

पळाले. मोरीपाशी मालन कमरेएवढ्या पाण्यात उभी! शेवग्याची अख्खी फांदी वाहत येऊन मोरीच्या तोंडात अडकली होती. पाणी तुंबून रस्त्यावर चढायच्या बेतात. आणखी चार बोटं चढलं असतं तर मधला तुकडा गेलाच असता. ती पहारेने फांदी उपटत होती, एकटी. खाणीला पावसाची सुट्टी, म्हणून ही रस्ता बघायला आलेली.

छत्री टाकली, उतरले. "बाय, तुमी नको!" म्हणून ओरडली. मी फांदी धरली. ती खालून पहार घालायची, मी ओढायची. एकदा पाय सुटला माझा — तिने दंडाला धरून उभं केलं, दंडावर पाच बोटं उमटली आहेत. मग एकदम काहीतरी मोडलं आणि पाणी घोगऱ्या आवाजात मोरीत शिरलं. रस्त्याच्या कडेवरून उतरलं. मालनने रस्ता पायाने दाबून बघितला. इथे, तिथे, पुन्हा इथे. 

"आता गाडी हाडा!"

मी वर बघून, गाडी आणा म्हणून पदर हलवला. मोटर आली. हळू. मागे सुगंधा, पांढरीफटक, तिच्या सासूच्या मांडीवर डोकं. चाकं मोरीवरून गेली — जराही खचली नाहीत. आम्ही दोघी चरात उभ्या. मोटर वळली तेव्हा मालन मटकन खाली बसली. रडत होती की पाणीच होतं, कळलं नाही.

१५ जुलै

सुगंधा जिवंत आहे.

दादा सकाळी अनवाणी फाटकापर्यंत गेला. मालन खडी ओढत होती. तिला म्हणाला, "मालनबाई, चहा घेऊन जा." बाई म्हणाला! ओट्यावर बसून दोघांनी चहा घेतला. मी आतून बघत होते.

२१ ऑगस्ट

राजाध्यक्ष म्हणून इंजिनिअर आहेत, विक्रोळीला एका कारखान्याची वसाहत बांधतायत. परवा बायकोला जीपमधून घेऊन आले. मुलगा झाला. आज पेढे देताना दादाला म्हणाले, "आमचे रस्ते महिन्यात उखडले आणि तुमचा हा असा? कुणी केला?"

दादा म्हणाला, "करून घेतला."

मी पेल्यांचा ट्रे घेऊन उभी. "मालनने केला," म्हटलं. फार मोठ्याने निघालं. दादाने बघितलं माझ्याकडे. मग तोच म्हणाला, "हो. मालनबाईंनी. माझं चुकलं."

साहेब हसले आधी. मग छत्री घेऊन खाली गेले, मालनबरोबर पाऊण तास चरांतून फिरले. आले तेव्हा बूट चिखलाने भरलेले आणि हसणं थांबलेलं.

३ सप्टेंबर

राजाध्यक्षांनी मालनला मुकादम म्हणून बोलावलंय! बारा माणसं हाताखाली, त्यातले आठ पुरुष. मी टाळ्याच वाजवल्या.

मालनने मात्र मान हलवली. "हजेरी लिवक होयी, मापां लिवक होयी. माका लिवूक येणा नाय." राजाध्यक्षांना म्हणाली, नको साहेब. मग माझ्याकडे वळली — "ही बाय लिवता मां!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीसुद्धा स्वतःकडे बघायला लागले, असं वाटलं.

९ सप्टेंबर

दादा आणि मी, पहिल्यांदाच एवढं भांडलो. "डॉक्टरची बहीण मजुरांत उभी राहणार? किल्ल्या, चादरी, पेशंटांची पेज — हे कोण बघणार?" म्हटलं, दादा, मी एकतीस वर्षांची आहे. अकरा वर्षं चादरी मोजतेय. चादरींबद्दल कुणी विचारत नाही की कशा मोजल्यास.

तो उठून गेला. ताट तसंच.

११ सप्टेंबर

दादाने किल्ल्यांचा जुडगा मागून घेतला. उद्या नवी बाई ठेवतोय म्हणाला. मग दाराशी थांबून — "छत्री चांगली घे. ती जुनी गळते."

४ ऑक्टोबर, विक्रोळी

कामाचा पहिला दिवस. मालन मुकादमाने सगळ्या टोळीसमोर मला झापलं, चराचा उतार चुकीचा मापला म्हणून. "उत्तरा, परत माप!" चूक माझीच होती. परत मापला.